रॉचेस्टरचे खेळ आणि त्यांचे धनी



अमेरिकेतील एका मध्यम शहराच्या खेळांची हकीकत सांगण्यासाठी या व्यासपीठाची एक संध्याकाळ खर्ची घालावी काय, असा प्रश्न आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. परंतु २००८ सालापासून क्रिकेटचे आणि २०१४ सालापासून कबड्डीचे संघ आपल्याकडे शहरांच्या नावाने विकत घेतले जाऊ लागले. त्या संघांचे धनी निराळे, खेळाडू लिलावातून आलेले, आणि नाव मात्र आपल्या गावाचे. ही पद्धत जेथे वाढली आणि मुरली तो देश अमेरिका. तेव्हा, संघ गावाचा म्हणजे नेमका कोणाचा, हे तेथल्या अनुभवावरून पाहून ठेवणे आपल्या हिताचे होईल.

न्यूयॉर्क, शिकागो ही महानगरे आम्ही मुद्दामच बाजूला ठेवली आहेत. ज्याच्याकडे पैसा उदंड आणि वस्ती कोटींच्या घरात, त्याच्या घरी पाहुणा आपण होऊन राहतो. खरी परीक्षा मध्यम शहराची. म्हणून आम्ही रॉचेस्टर हे शहर निवडले आहे.

हे शहर न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, ऑन्टारिओ सरोवराच्या दक्षिणेस वसलेले आहे. जेनेसी नदी शहराच्या मध्यातून वाहते आणि भर वस्तीत धबधब्यावरून खाली कोसळते. या पाण्यावर पिठाच्या गिरण्या चालल्या. १८२५ साली ईरी कालवा पुरा झाल्यावर येथले पीठ थेट समुद्रापर्यंत जाऊ लागले. पुढे रोपवाटिकांमुळे ते फुलांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यानंतर जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक कंपनी काढली आणि जगभरच्या घरांतील छायाचित्रांच्या फिती येथून जाऊ लागल्या. १९५० साली शहराची लोकसंख्या ३ लाख ३२ हजार होती. २०२० च्या शिरगणतीत ती २ लाख ११ हजारांवर आलेली दिसते. १९८२ च्या सुमारास एकट्या कोडॅकमध्ये येथले ६० हजारांहून अधिक लोक कामाला होते. २०१२ च्या जानेवारीत त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. चढती कमान आणि उतरती कळा दोन्ही पाहिलेल्या या शहराने आपले खेळ कसे सांभाळले आणि कसे गमावले, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम गमावलेल्याची गोष्ट सांगू.

रॉचेस्टरमध्ये हिवाळा कडक असतो आणि वर्षाला सुमारे १०० इंच बर्फ पडते. त्यामुळे छपराखाली खेळावयाच्या खेळांना तेथे सहजच महत्त्व आले. लेस आणि जॅक हॅरिसन या बंधूंनी येथे बास्केटबॉलचा धंदेवाईक संघ उभारला. त्याचे नाव रॉयल्स. एजर्टन पार्क नावाच्या उद्यानात, जेथे पूर्वी मुलांची सुधारशाळा होती त्या आवारात, सुमारे ४ हजार माणसे मावतील असे एक सभागृह होते. तेच या संघाचे घर. १९४६ साली या संघाने डॉली किंग या कृष्णवर्णीय खेळाडूला घेतले. बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये जॅकी रॉबिन्सन उतरले ते १९४७ साली, हे लक्षात घेतले म्हणजे या पावलाचे मोल कळते.

६ जानेवारी १९५१ रोजी याच सभागृहात रॉयल्स आणि इंडियानापोलिस यांचा सामना झाला. बरोबरी सुटेना, म्हणून जादा वेळ द्यावा लागला. आणि तो एकदा नव्हे, सहादा द्यावा लागला. त्या काळी चेंडू हाती आल्यावर तो किती वेळात टाकावयाचा याला बंधन नव्हते. दोन्ही संघ चेंडू धरून नुसते उभे राहात. अखेर पाहुण्यांनी ७५ विरुद्ध ७३ असा सामना जिंकला. एवढा लांबलेला सामना त्या लीगमध्ये पुन्हा झालेला नाही. असल्या खेळाला प्रेक्षक कंटाळू लागले. तेव्हा शेजारच्या सिराक्यूज शहराच्या संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी एक साधे गणित मांडले. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा. चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा चेंडू टोपलीकडे टाकतात. भागाकार केला की २४ सेकंद येतात. १९५४ साली चोवीस सेकंदांचा नियम आला आणि खेळ वाचला. आज जगभर जो वेगवान बास्केटबॉल दिसतो, त्याच्या घडणीत अशा मध्यम शहरांचा वाटा आहे, हे आपण विसरू नये.

१९५१ च्याच वसंतात रॉयल्स अंतिम फेरीत न्यूयॉर्कच्या संघाशी भिडले. पहिले तीन सामने रॉयल्सनी जिंकले, पुढचे तिन्ही न्यूयॉर्कने. सातवा सामना रॉचेस्टरमध्ये झाला आणि ७९ विरुद्ध ७५ अशा गुणांनी या गावाने महानगरावर मात केली. देशाचे अजिंक्यपद ४ हजारांच्या सभागृहात आले!

आता पुढचे ऐका. १९५५ साली शहरात वॉर मेमोरिअल हे मोठे सभागृह उभे राहिले. युद्धात पडलेल्या स्थानिक जवानांच्या स्मरणार्थ ते बांधले होते, आणि आता आपल्या संघाला साजेसे घर झाले असे लोकांना वाटले. दोनच वर्षांनी, १९५७ साली, रॉयल्स सिनसिनाटीला निघून गेले. त्याच वर्षी फोर्ट वेनचा संघ डिट्रॉइटला गेला आणि १९६३ साली सिराक्यूजचा फिलाडेल्फियाला. मोठ्या शहरात मोठे उत्पन्न, हे साधे व्यापारी गणित. हॅरिसन बंधूंना दोष देण्याचा आमचा हेतू नाही; संघ त्यांचा होता आणि त्यांनी तो नेला. पुढे तोच संघ १९७२ साली कॅन्सस सिटीला आणि १९८५ साली सॅक्रॅमेंटोला गेला. आज त्याला किंग्ज म्हणतात. २०१३ साली तो तेथूनही सिअॅटलला जाण्याच्या बेतात होता. तेव्हा सॅक्रॅमेंटो शहराने नव्या क्रीडागारासाठी सार्वजनिक पैसा देऊ केला, लीगच्या इतर मालकांनी स्थलांतर नाकारले आणि संघ कसाबसा राहिला. जातो म्हणावयाचे आणि शहराने तिजोरी उघडावयाची, ही रीत अमेरिकेत आता जुनी झाली आहे. चार शहरे फिरलेल्या या संघाला १९५१ नंतर अजिंक्यपद मात्र पुन्हा लाभलेले नाही.

आता राखलेल्याची गोष्ट.

बेसबॉल हा अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ म्हणतात. आपल्या क्रिकेटशी त्याचे दूरचे नाते आहे: एक चेंडू फेकतो, दुसरा दांड्याने टोलवतो, आणि नऊ नऊ जणांचे संघ नऊ डाव खेळतात. रॉचेस्टरमध्ये धंदेवाईक बेसबॉल एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे. १९२८ साली सेंट लुइस शहराच्या कार्डिनल्स या बड्या संघाने येथला संघ आपल्या पंखाखाली घेतला. त्याचे नाव रेड विंग्ज, म्हणजे लाल पंख, असे पडले. यामागची व्यवस्था समजून घेतली पाहिजे. वरच्या लीगमधील संघ लहान शहरांत आपले दुय्यम संघ ठेवतात. तेथे होतकरू खेळाडू तयार करावयाचे आणि पिकला आंबा उतरवावा तसे वेळ येताच वर न्यायचे. १९२९ साली नॉर्टन स्ट्रीटवर नवे मैदान बांधले गेले. १९२८ पासून ओळीने चार वर्षे रेड विंग्ज आपल्या लीगमध्ये पहिले आले. १९४१ साली स्टॅन म्युझिअल हा पुढे अमर झालेला फलंदाज येथे खेळला, आणि त्याच हंगामाच्या अखेरीस सेंट लुइसला गेला.

१९५६ साल संपता संपता कार्डिनल्सनी रॉचेस्टरमधून अंग काढून घेण्याचे ठरवले. विकत घेणारा कोणी पुढे येईना. संघ बंद पडणार हे दिसू लागले. अशा वेळी मॉरी सिल्व्हर नावाचे एक स्थानिक व्यापारी उभे राहिले. संघ आणि मैदान गावानेच विकत घ्यावे, अशी कल्पना त्यांनी मांडली. दहा डॉलरचा एक शेअर ठेवण्यात आला. भर हिवाळ्यात, मैदानावर बर्फ साचलेले असताना, शेअर विकण्याची मोहीम चालली. कामगार, दुकानदार, गृहिणी अशा सामान्य माणसांनी ते घेतले. दहा डॉलरच्या शेअरने कोणी श्रीमंत होणार नव्हते, हे घेणाऱ्यालाही ठाऊक होते. एकूण भागधारक झाले ८,२२२. १९५७ च्या आरंभी रॉचेस्टर कम्युनिटी बेसबॉल ही संस्था संघाची धनी झाली.

श्रोतेहो, साल पाहा. एकाच शहरातून, त्याच १९५७ साली, देशाचे अजिंक्यपद मिळवलेला संघ गेला आणि दुय्यम लीगमधला संघ राहिला. पहिल्यासाठी लोकांच्या मनात प्रेम होते. दुसऱ्यासाठी प्रेमाबरोबर शेअरचा कागदही होता. आज आम्हांला जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे. प्रेमाने संघाला जयघोष मिळतो. पण संघ जावयाचा की राहावयाचा हे ज्याच्या नावावर कागद असतो तो ठरवतो.

याचा अर्थ पुढची वाट सोपी होती असे नव्हे. शेअर एकदाच विकावयाचे असतात. खर्च मात्र दर वर्षी उभा राहतो. १९६१ साली संस्थेने बाल्टिमोरच्या ओरिओल्सशी संबंध जोडला आणि तो २००२ पर्यंत टिकला. साठाच्या दशकात पुन्हा ओढाताण झाली तेव्हा सिल्व्हर यांनी पुन्हा धुरा घेतली. १९६८ साली मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या मागे त्यांची कन्या नेओमी सिल्व्हर यांनी अनेक वर्षे संस्थेचा कारभार पाहिला. लोकांची संस्था म्हटली तरी तिला रोज उठून कुलूप उघडणारे कोणी तरी लागते. आठ हजार धनी असले तरी हिशेबाच्या वहीपाशी बसणारी माणसे दोन-चारच असतात, आणि ती चांगली मिळाली हे रॉचेस्टरचे भाग्य.

येथे एका सामन्याची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. १८ एप्रिल १९८१ च्या संध्याकाळी ऱ्होड आयलंड राज्यातील पॉटकेट गावी रेड विंग्ज खेळावयास गेले होते. नऊ डाव झाले, बरोबरी. दहा, पंधरा, वीस डाव झाले, मध्यरात्र उलटली, गारठा असा की खेळाडूंनी मोडक्या दांड्यांची शेकोटी पेटवली. पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, ३२ डावांनंतर, दोन-दोन अशा बरोबरीत खेळ थांबवला गेला. त्या वेळी मैदानात १९ प्रेक्षक उरले होते आणि ईस्टरचा रविवार उजाडत होता. उरलेला खेळ २३ जूनला झाला आणि ३३ व्या डावात अवघ्या १८ मिनिटांत पॉटकेटने तो जिंकला. धंदेवाईक बेसबॉलमधील हा सर्वांत लांब सामना. रॉचेस्टरकडून त्यात कॅल रिपकिन हा तरुण होता आणि पॉटकेटकडून वेड बॉग्ज. दोघांचीही गणना पुढे त्या खेळाच्या थोरांत झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रिपकिनला बाल्टिमोरने वर बोलावले.

रिपकिन गेला तसा म्युझिअलही गेला होता. मग ८,२२२ भागधारकांनी नेमके काय विकत घेतले होते? खेळाडू त्यांचे नव्हेत. ते वरच्या संघाचे, त्यांचा पगारही तोच देतो. भागधारकांचे म्हणजे संघाचे नाव, लीगमधली जागा आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी फाटक उघडण्याचा हक्क. कोणाला हे थोडे वाटेल. आमच्या मते हेच टिकाऊ आहे. कोणत्याही गावात खेळाडू दहा-बारा वर्षांचा पाहुणा असतो. आजोबांनी ज्या संघासाठी टाळी वाजवली त्याच संघासाठी नातू वाजवतो, यात जे मागे उरते ते गावाने आपल्याकडे ठेवले.

१९९७ पासून रेड विंग्ज शहराच्या मध्यवस्तीतील नव्या मैदानावर खेळतात. ते मन्रो जिल्ह्याच्या सरकारचे आहे आणि तेथे बसले असता कोडॅकचा जुना मनोरा समोर दिसतो. मनोऱ्यातील कंपनी खंगली, मैदानावरचा खेळ चालू राहिला. मैदानाचे नाव मात्र आधी एका टेलिफोन कंपनीचे होते, पुढे ते बदलले. वॉर मेमोरिअललाही १९९८ पासून एका आरोग्य-विम्याच्या कंपनीचे नाव पुढे लागले. स्मारकाच्या नावावर जाहिरात यावी, हे आमच्या मनाला पटत नाही. पण छप्पर गळू नये म्हणून पैसा लागतो, हेही खरे. ते सभागृह ओस मात्र पडले नाही. १९५६ साली स्थापन झालेला अमेरिकन्स हा बर्फावरील हॉकीचा संघ तेथे खेळत आला आणि त्याने आपल्या लीगचा काल्डर चषक सहा वेळा जिंकला.

आता ज्यांना कागद नव्हता त्यांच्याकडे पुन्हा वळू. १९९६ साली ऱ्हायनोज हा फुटबॉलचा संघ निघाला. १९९९ साली देशाच्या खुल्या चषकात या दुय्यम संघाने शिकागो, डॅलस, कोलंबस आणि अंतिम फेरीत कोलोराडो असे वरच्या लीगचे चार संघ ओळीने हरवले. वरची लीग सुरू झाल्यापासून तिच्याबाहेरच्या दुसऱ्या कोणत्याही संघाला हा चषक जिंकता आलेला नाही. इंग्लंडमध्ये खालच्या लीगमध्ये पहिला आलेला संघ वरच्या लीगमध्ये चढतो. अमेरिकेत तसे नाही. तेथे वरची जागा पैसे मोजून घ्यावी लागते. ऱ्हायनोजना ती मिळाली नाही. २००६ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र मैदान झाले. पुढे मालक बदलले, मैदानाची नावे बदलली, २०१७ नंतर खेळ थांबला, २०२२ साली नव्या नावाने एक हंगाम झाला आणि २०२३ साली संघ कायमचा मिटला. त्याच मैदानावर खेळणाऱ्या फ्लॅश या महिला संघाने २०१६ च्या ऑक्टोबरात देशाचे अजिंक्यपद मिळवले. तीन महिन्यांत तो विकला गेला आणि नॉर्थ कॅरोलायनाला गेला. लॅक्रॉस हा तर या भूमीतील मूळ रहिवाशांचा, हॉडेनोशोनी लोकांचा खेळ. त्याचा नाइटहॉक्स हा संघ २०१२ पासून सलग तीन वर्षे अजिंक्य ठरला, आणि २०१९ साली मालकाने तो कॅनडातील हॅलिफॅक्सला नेला. नाव तेवढे गावात राहिले आणि त्या नावाने नवा संघ उभा करावा लागला.

या सर्वांत समान काय? हे संघ हरले म्हणून गेले नाहीत. रॉयल्स, फ्लॅश, नाइटहॉक्स हे तिन्ही अजिंक्यपद मिळवलेले संघ. जिंकत राहा म्हणजे टिकाल, हा समज रॉचेस्टरने खोटा ठरवला आहे.

तथापि शेअर म्हणजे अभेद्य कवच, असे म्हणणेही खरे होणार नाही. २०२० नंतर बेसबॉलच्या वरच्या लीगने दुय्यम संघांची संख्या १६० वरून १२० वर आणली. रॉचेस्टरपासून जवळच बटेव्हिया नावाचे लहान गाव आहे. १९३९ साली एका लीगची स्थापना तेथे झाली होती. ती लीगच या छाटणीत संपली. रेड विंग्ज वाचले आणि २०२१ पासून वॉशिंग्टनच्या संघाशी जोडले गेले. गावाने आपले दार घट्ट लावले तरी रस्ता दुसऱ्याच्या मालकीचा असतो, हा याचा धडा. ज्याच्या हाती लीग, त्याच्या हाती शेवटचा शब्द.

मग कागद घेऊन उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग असा की कागद असला म्हणजे जाणाऱ्याला गावाला विचारावे लागते. रॉयल्सच्या वेळी लोकांना बातमी वर्तमानपत्रात वाचावी लागली. रेड विंग्जच्या वेळी बातमी घडवणारे लोक तेच होते. १९५७ नंतर त्या गावातून कारखाने गेले, हजारो माणसे गेली, नगराचा सुकाळ गेला. आणि तरीही एप्रिल आला की बेसबॉलचे फाटक उघडते, कारण ते बंद करून दुसरीकडे नेण्यात ज्याचा फायदा आहे असा एकटा धनी तेथे नाही.

श्रोतेहो, आपल्या गावाच्या नावाने संघ निघेल तेव्हा आपण जरूर टाळ्या वाजवा. मात्र टाळी वाजवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्या. नाव कोणाच्या मालकीचे? मैदान कोणाच्या पैशाने बांधावयाचे? आणि उद्या संघ जातो म्हणाला तर ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कोणाला? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे गावाबाहेरून येत असतील, तर तो संघ गावात उतरला आहे, गावाचा झालेला नाही. आणि उत्तर गावातूनच यावे असे वाटत असेल, तर वर्गणीची यादी आपल्यापाशी येईल तेव्हा खिशात हात घालावयाची तयारी ठेवली पाहिजे. रॉचेस्टरच्या ८,२२२ लोकांनी दहा दहा डॉलर देऊन ती ठेवली.